ओव्हर देताना : मिलिटरी नर्सिंगमधली माझी वर्षं

मिलिटरी हॉस्पिटलातला पेशंट एका जागी फार दिवस राहत नाही. चौकीवर जखमी झालेला जवान आधी पलटणीच्या रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे प्रथमोपचाराच्या ठाण्यावर येतो. तिथून फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सकडे, म्हणजे आघाडीमागच्या फिरत्या दवाखान्याकडे, मग बेस हॉस्पिटलला, मग कमांड हॉस्पिटलला. पाय गेला असेल तर शेवटी पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला, म्हणजे कृत्रिम हातपायांच्या केंद्राला. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर नवा, सिस्टर नवी, खाट नवी. आणि आम्हीही कुठे एका जागी असतो? दोन-तीन वर्षं झाली की पोस्टिंगची ऑर्डर येते, ट्रंक भरायची आणि निघायचं. अशा ठिकाणी एका नर्सने दुसरीला पेशंट कसा सोपवला, काय सांगितलं, काय लिहून दिलं, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. लेफ्टनंट म्हणून लागले तेव्हापासून प्रिन्सिपल मेट्रन म्हणून उतरेपर्यंत मी सगळ्यात जास्त जीव कशाला लावला असेल, तर तो या सोपवण्याला, आमच्या भाषेत 'ओव्हर देण्याला'.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी मिलिटरीत असतं, पण ते सगळे पुरुष. ऐंशीच्या दशकात मी बारावी सायन्स झाले तेव्हा मिलिटरी नर्सिंगची जाहिरात माझ्या चुलत्यांनी पेपरातून कापून आणली. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. परक्या पुरुषांचं हगणंमुतणं काढायला पोरीला एवढं शिकवलं का, असं ती म्हणायची. चुलत्यांना १९७१ च्या लढाईत मांडीत गोळी लागली होती. ते तिला म्हणाले, "वहिनी, माझं काढलं तीही कुणाची तरी लेकच होती." त्यानंतर आईने विषय काढला नाही. जाताना मात्र डब्यात लाडू इतके भरून दिले की हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याला पुरले.

लेखी परीक्षा, मुलाखत, मेडिकल झालं आणि मी पुण्यात वानवडीला आले. तेव्हा आम्हाला प्रोबेशनर म्हणायचे. बऱ्याच मोठ्या लष्करी हॉस्पिटलांत तेव्हा नर्सिंगची स्कूलं होती, पुढे त्यांची कॉलेजं झाली. पहिले काही महिने चादरीचे कोपरे, बेडपॅन, टेंपरेचरचे तक्ते आणि पाठीची मालिश यातच गेले. लकवा झालेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे रात्री दोनलाही बदलायची आणि चारलाही. कुणी बघत नसताना बदलायची. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा एखादी मुलगी चांगली नर्स होणार का, हे तिच्या मार्कांपेक्षा पहाटे चारच्या त्या नोंदीवरून मला जास्त कळायचं.

सर्व्हिसचा इतिहासही शिकवला जायचा. २८ मार्च १८८८ रोजी दहा ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, त्यांच्या प्रमुख होत्या मिस लॉक. हिंदुस्थानातल्या लष्करी हॉस्पिटलांत शिस्तशीर नर्सिंग सुरू झालं ते तिथून. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली, म्हणून आमचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, १ ऑक्टोबरला असतो. १९४३ च्या वटहुकमाने नर्सेसना कमिशन्ड ऑफिसरचा दर्जा मिळाला. आणि १९७६ मध्ये आमच्याच सर्व्हिसच्या जी. ए. राम भारतीय सैन्यातल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. त्यांचा फोटो बघताना खेड्यातून आलेल्या आम्हा मुलींची मान ताठ व्हायची. सैन्यात बायका अलीकडे आल्या असं कुणी म्हणालं की मला आजही राहवत नाही. मी त्याला बसवून ही सगळी सालं सांगते.

याच इतिहासात एक दुखरं पानही आहे. १९७७ च्या एका आर्मी इन्स्ट्रक्शनप्रमाणे मिलिटरी नर्सिंगमधल्या ऑफिसरने लग्न केलं तर तिची नोकरी जाऊ शकत होती. ती तरतूद १९९५ मध्ये मागे घेतली गेली. लग्नापायी १९८८ मध्ये नोकरी गेलेल्या एका लेफ्टनंटना २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला. असा नियम म्हणजे उघड लिंगभेद आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. बातमी वाचली तेव्हा मला मेसमध्ये एकट्या राहिलेल्या माझ्या कितीतरी सीनियर डोळ्यांपुढे आल्या. फार गुणी बायका होत्या त्या.

ओव्हर द्यायला मला शिकवलं आमच्या सिस्टर ट्यूटरनी. त्यांचा दंडक होता की ड्यूटी टेबलाशी बसून ओव्हर द्यायची नाही. दोघींनी मिळून प्रत्येक खाटेपाशी जायचं. सलाइन किती उरलं, युरिन बॅग किती भरली, ड्रेसिंगवर रक्त किती आलंय हे येणारीने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्यासमोर बोलायचं, म्हणजे काही चुकत असेल तर तोच सांगतो. मॉर्फिन-पेथिडिनसारख्या अमली औषधांच्या कुलूपबंद, डीडीए कपाटाची चावी देताना अँप्यूल मोजायच्या, रिकाम्यासुद्धा, आणि दोघींनी सह्या करायच्या. डीआय लिस्टवर, म्हणजे अत्यवस्थ पेशंटांच्या यादीवर, कोण आहे, त्याच्या घरी खबर गेली का, घरून कुणी निघालंय का, हेही ओव्हरमध्येच.

पहिली पोस्टिंग पंजाबात. तिथे युद्धाचा वाससुद्धा नव्हता. बाळंतपणं, पोरांचे ताप, हर्नियाची ऑपरेशनं आणि निवृत्त शीख सुभेदार-मेजरांचे मोतीबिंदू. बाहेरच्या लोकांना वाटतं, मिलिटरी नर्स म्हणजे सतत गोळ्या लागलेले जवान. खरं तर आमच्या वर्षांतला मोठा भाग फॅमिली वॉर्डात जातो. नवरा सियाचीनला, सासर बिहारात, आणि बाई पहिल्या बाळंतपणाला एकटी, अशा वेळी तिची आईही आम्हीच होतो.

लेहच्या १५३ जनरल हॉस्पिटलात मी उंचीचे आजार शिकले. लेह साडेअकरा हजार फुटांवर. खालून आलेल्या जवानाला पहिले सहा दिवस हवेची सवय करून घ्यावी लागते, त्याहून वरच्या टप्प्यासाठी आणखी चार, त्याच्याही वर आणखी चार. हे दिवस पाळले नाहीत, किंवा पाळूनही शरीराने साथ दिली नाही, तर फुफ्फुसांत पाणी भरतं. त्याला आम्ही हापो म्हणायचो. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा बोलता बोलता धापा टाकायला लागतो, ओठ निळे पडतात, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. त्याला ऑक्सिजन, पूर्ण विश्रांती, आणि जमेल तितक्या लवकर खाली उतरवणं. ऑक्सिजन लावलेल्या पोराला संडासापर्यंतही चालू द्यायचं नसतं, आणि नेमकं तेच त्याला लाजिरवाणं वाटतं. मी ड्यूटीवर आले की आधी बघायची, याच्या खाटेखाली चपला आहेत का? असतील तर उचलून कपाटात. चपला नसल्या की पोरं उठत नाहीत.

१९९९ च्या मे महिन्यात मी श्रीनगरला ९२ बेस हॉस्पिटलमध्ये होते. कारगिल, द्रास, बटालिककडून जखमी हेलिकॉप्टरने यायचे. आवाज आला की सगळं हॉस्पिटल हेलिपॅडच्या दिशेने वळायचं. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले आणि तेराशेच्या वर जखमी झाले. हे आकडे नंतर छापून आले. आमच्यापुढे तेव्हा आकडा नसायचा, स्ट्रेचर असायचं. त्यावर एक माणूस, बर्फाने आणि चिखलाने कडक झालेले बूट, आणि कपड्याला बांधलेलं फील्ड मेडिकल कार्ड.

त्या कार्डाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय. पुढच्या चौकीवरच्या मेडिकल ऑफिसरने किंवा नर्सिंग असिस्टंटने, बर्फात बोटं आखडलेली असताना, बहुधा तोफांच्या माऱ्यात, पेन्सिलीने चार ओळी लिहिलेल्या असायच्या. मॉर्फिन किती वाजता दिलं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, किती वाजता बांधलं. एवढं कळलं की आम्ही पुढचं ठरवू शकत होतो. टूर्निकेची वेळ लिहिलेली नसेल तर सर्जनला अंदाजाने निर्णय घ्यावा लागायचा, आणि पाय राहणार की जाणार हे त्या अंदाजावर ठरायचं. मॉर्फिनची वेळ नसेल तर कळवळणाऱ्या माणसाला दुसरा डोस द्यायचा की नाही, हे कळायचं नाही. थंडीने आकसलेल्या शरीरात आधीचं मॉर्फिन तसंच पडून राहतं, आणि आपण ऊब दिली की ते एकदम रक्तात उतरतं. त्या पोरांनी तिथे बसून लिहिलेली ती अक्षरं मी कधी विसरणार नाही. मी इतक्या ऑफिसरांच्या हाताखाली काम केलं, पण ओव्हर कशी द्यावी याचा माझ्या मनातला नमुना ती कार्डंच आहेत.

बाहेरच्या हॉस्पिटलातून आलेल्या माणसाला आमची एक गोष्ट खटकायची. लढाईतली जखम आम्ही लगेच शिवत नाही. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसताना कपड्याचे धागे, माती, कातडं सगळं आत ओढून नेतो. सुरुंगाचा स्फोट तर खालून चिखल स्नायूंच्या थरांत फेकतो. अशी जखम शिवून टाकली तर आत सडते. म्हणून मेलेलं मांस काढायचं, भरपूर धुवायचं, उघडी ठेवून सैल ड्रेसिंग करायचं आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर बंद करायची. तोवर ती जखम नर्सच्या हातात. वासावरून कळतं, रंगावरून कळतं. पट्टी सोडताना जवान छताकडे बघत असतो, पण त्याचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडे असतं. चेहरा सरळ ठेवणं हेही ड्रेसिंगच्या ट्रेमध्येच धरायचं.

तिथे कोल्हापूरकडचा एक गनर होता. तोफेशेजारी गोळा फुटून दोन्ही हातांत तुकडे घुसले होते. मी दुसऱ्या पेशंटशी बोलताना सवयीने "थांब जरा" म्हणाले आणि पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या?" त्यानंतर तो मला मॅडम कधी म्हणाला नाही, आणि मीही त्याला म्हणू दिलं नाही. त्याला आईला पत्र लिहायचं होतं. पाय मुरगळलाय एवढंच लिहा, म्हणाला. मी म्हटलं, अरे, अक्षर माझं आहे, पाय मुरगळलाय तर हाताने का लिहिलं नाहीस, असं आई विचारेलच ना! बराच वेळ विचार करून त्याने सांगितलं, "हाताला खरचटलंय म्हणून सिस्टरताईंकडून लिहून घेतोय. जेवण चांगलं आहे." मी तसंच लिहिलं. त्याने ते दोनदा वाचून घेतलं आणि "जेवण चांगलं आहे" याच्यापुढे "भात मऊ असतो" घालायला लावलं, कारण आईला तेवढ्याने खात्री पटेल.

दोन दिवसांनी त्याला विमानाने पुढे हलवायचं होतं. कागदपत्रांत जखमा, ऑपरेशनची टिपणं, अँटिबायोटिक्स, एक्स-रे सगळं होतं. स्फोटाने त्याचा उजवा कान बधिर झाला होता. तेही कुठेतरी आत लिहिलेलं होतं, पण रात्री दोन वाजता त्याला उतरवून घेणाऱ्या सिस्टरला ते सापडणार कसं? मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटावर चिकटवलं : डाव्या बाजूने बोला. घास भरवावा लागतो. पूर्ण अंधार केला तर दचकून उठतो. घाबरला की मराठी येणारं कुणी असेल तर बोलवा. तेव्हापासून प्रत्येक हलवल्या जाणाऱ्या पेशंटबरोबर असा कागद द्यायची सवय मला लागली. माझ्या हाताखालच्या मुलींनाही मी ती लावली.

नंतर पुण्यात पोस्टिंग झाली तेव्हा अशा पेशंटांचा पुढचा टप्पा बघायला मिळाला. आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून पुण्यात आहे. पाय कापल्यावर उरलेल्या भागाला इलॅस्टिक बँडेज बांधण्याची एक रीत आहे. टोकाकडे घट्ट, वर येताना सैल, पट्ट्या तिरक्या, इंग्रजी आठच्या आकारात. सरळ गोल गुंडाळलं तर रक्त अडकतं आणि टोक सुजतं. मग कृत्रिम पायाचा सॉकेट बसत नाही. पेशंटला बरं वाटावं म्हणून नातेवाईक उरलेल्या पायाखाली उशी ठेवतात. ती काढून घ्यावी लागते, नाहीतर मांडी वाकलेल्या अवस्थेतच आखडते आणि पाय लावूनही नीट उभं राहता येत नाही. उशी काढली की जवानांच्या आया माझ्याकडे रागाने बघायच्या. मी शेजारी बसून समजावायची. नसलेल्या पायाचा अंगठा दुखतोय म्हणून रात्री रडणारा जवान खोटं बोलत नसतो, हे तर नव्या नर्सेसनासुद्धा पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तो दुखतोच. "कुठला अंगठा, काय बोलतोस" असं कुणी त्याला म्हणालं, तर तो पुन्हा कधी सांगत नाही, नुसता सोसत राहतो.

मेजर, लेफ्टनंट कर्नल इथपर्यंत वॉर्ड आपल्या हातात असतो. त्यापुढे खांद्यावरचं वजन वाढतं तशी खाट लांब जाते. कर्नलसाठी सिलेक्शन बोर्ड, वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, आणि मग मेट्रनचं ऑफिस. ड्यूटी चार्ट, रजा, लिनन, स्टोअरचं हँडिंग-टेकिंग, इन्स्पेक्शन, मुलींच्या अडचणी. कुणाची आई आजारी, कुणाचा नवरा दुसऱ्या टोकाला पोस्टेड, कुणी पहिल्यांदाच मरण बघितलंय. मला या कामाचा कंटाळा कधी आला नाही, पण हाताला सवय राहिली नाही तर बोलण्यात खोटेपणा येतो असं माझं मत आहे. म्हणून मी सकाळच्या ओव्हरच्या वेळी रोज एका वॉर्डात जाऊन उभी राहायची, काही न बोलता.

जे दिसलं ते काळजीचं होतं. कॉम्प्युटर आले होते, नोंदी छापील झाल्या होत्या, आणि ओव्हर पुन्हा टेबलाशी सरकली होती. स्क्रीनवर सगळं आहे मॅडम, असं मुली म्हणायच्या. त्यांचं चूक नव्हतं, पेशंट जास्त आणि हात कमी. मी ऑर्डर काढली की ओव्हर खाटेपाशीच होईल, आणि त्यासाठी दोन ड्यूट्यांमध्ये थोडा वेळ एकमेकींवर चढेल असा चार्ट बदलला. नुसती ऑर्डर काढून वेळ दिला नसता, तर ती कागदावरच राहिली असती. सीनियर माणसाचं खरं काम मला हेच वाटतं. काय करावं हे सगळ्यांना माहीत असतं, ते करायला वेळ आणि जागा काढून देणं आपल्या हातात असतं.

२०२० मध्ये दिल्ली कँटोन्मेंटमधल्या सरदार वल्लभभाई पटेल कोविड हॉस्पिटलात मी ड्यूटीवर होते. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने मोकळ्या मैदानावर उभारलेलं, १००० खाटांचं, त्यातल्या २५० आयसीयूच्या. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेने ते चालवलं. तिथे ओव्हरचाच प्रश्न आला. पीपीई घातलेली नर्स बाहेर येईपर्यंत घामाने निथळलेली असायची, आणि बाहेर सांगितलेलं आतल्या खाटेशी जुळायचं नाही. म्हणून येणारी तुकडी लवकर पीपीई चढवून आत जायची आणि ओव्हर आतच व्हायची, खाटेपाशी. पेशंटला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता, म्हणून पीपीईवर मार्करने मोठ्या देवनागरी अक्षरांत नाव. घरच्यांना फोन करायची वेळ चार्टमध्ये औषधांच्या वेळांसारखीच लिहिलेली, पुढे टिकची चौकट. माझ्या हाताखालच्या मुली त्या काळात महिनोन्‌महिने घरी गेल्या नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं तर हा लेख संपणार नाही.

आता मी निवृत्त होऊन गावाकडे आले आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुली चौकशीला येतात, त्यांच्यासाठी थोडं. मिलिटरी नर्सिंगच्या चार वर्षांच्या बीएस्सीची कॉलेजं सहा आहेत : पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज (एएफएमसी), मुंबईचं नौदलाचं हॉस्पिटल आयएनएचएस अश्विनी, आणि दिल्ली, लखनौ, कोलकाता, बेंगळुरू. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. निवड २०२२ पासून 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून सुरू होते, पुढे परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल. शिकताना खर्च सरकारचा, त्याबदल्यात नोकरीचा बाँड, आणि पास झाल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन. अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या भरवशावर राहू नका. आणि मेडिकलला जायच्या आधी तीन-चार महिने सिव्हिलला जाऊन हिमोग्लोबिन, दात आणि कान तपासून घ्या. आपल्याकडच्या हुशार, काटक मुली रक्त कमी भरलं म्हणून अडतात. ते वेळेवर कळलं तर दुरुस्त होतं.